रॉकाबिली गिटार : कामावरून सुटल्यावरचा छंद

शाळा-कॉलेजात असताना गिटार शिकायची राहून गेली, पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली आणि ती इच्छा माळ्यावरच्या ट्रंकेत जाऊन पडली, असे अनेकांचे होते. चाळिशीच्या सुमारास थोडी उसंत मिळते. मुलाला क्लासला सोडून परतताना वाद्यांच्या दुकानात टांगलेली गिटार दिसते आणि मन पुन्हा चाळवते. पण लगेच शंका येते, 'आता या वयात? बोटे वळतील का? आणि शिकून करायचे तरी काय?'

या तिन्ही प्रश्नांना चांगले उत्तर देणारे एक संगीत आहे. त्याचे नाव रॉकाबिली. ते घडवणारे बहुतेक जण दिवसा पोटापाण्याचे काम करणारे साधे लोक होते. ना त्यांच्याजवळ संगीताची पदवी होती, ना मोकळा वेळ. त्यामुळे नोकरी-संसार सांभाळून गिटार शिकू पाहणाऱ्या हौशी माणसाला हे संगीत जितके जवळचे वाटते, तितके क्वचितच दुसरे वाटेल.

रॉकाबिली म्हणजे काय?

'रॉक' आणि 'हिलबिली' या दोन शब्दांच्या संधीतून हे नाव तयार झाले. 'हिलबिली' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातला गावरान माणूस. त्याचे गाणे हे तिथले ग्रामीण गोरे संगीत. त्यात कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' संगीताची लय आणि आर्तता मिसळली आणि १९५४ ते १९५८ या काळात, मुख्यतः टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराच्या आसपास, एक अवखळ, उड्या मारत चालणारे संगीत जन्माला आले.

त्याचा वाद्यमेळ अगदी आटोपशीर असे. एक गायक, त्याच्या हातात साधी गिटार, उभा धरून वाजवायचा भलामोठा बास आणि एक इलेक्ट्रिक गिटार. सुरुवातीच्या अनेक ध्वनिमुद्रणांत ड्रम नव्हताच. बास वाजवणारा तारा ओढून लाकडी पट्टीवर आपटायचा आणि त्या 'टक-टक' आवाजातून ठेका उभा राहायचा. साहजिकच गिटारवाल्याला ठेका, साथ आणि मधले तुकडे अशी सगळी कामे एकट्याने करावी लागत. घरात एकटा बसून वाजवणाऱ्याला हे संगीत भरगच्च वाटते ते याच कारणाने. शिकलेला तुकडा सोबतीला कोणी नसतानाही पूर्ण वाटतो.

टोप्या, टायर आणि ट्रक

५ जुलै १९५४ च्या संध्याकाळी मेम्फिसमधील युनियन अॅव्हेन्यूवरच्या सन रेकॉर्ड्सच्या लहानशा स्टुडिओत तीन तरुण जमले होते. एकोणीस वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली एका विजेच्या सामानाच्या कंपनीत ट्रक चालवायचा. बासवाला बिल ब्लॅक टायरच्या कारखान्यात होता. गिटारवाला स्कॉटी मूर भावांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात टोप्यांना आकार देण्याचे काम करायचा. सुरुवातीची संथ गाणी काही जमत नव्हती. विश्रांतीच्या वेळात एल्व्हिसने गंमत म्हणून 'दॅट्स ऑल राइट' हे जुने ब्लूज गाणे जलद लयीत म्हणायला सुरुवात केली, बाकी दोघे त्यात सामील झाले आणि स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी ते ध्वनिमुद्रित केले. रॉकाबिलीचा जन्म सांगताना बहुतेक जण याच संध्याकाळचे नाव घेतात.

ते मूळ गाणे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते आणि १९४६ साली ध्वनिमुद्रित झाले होते. त्याच्या गाण्यांवर इतरांनी मोठी कमाई केली, पण खुद्द क्रुडपला हक्काचा पैसा पुरता कधीच मिळाला नाही. रॉकाबिलीच्या आनंदगाण्यामागे हे ऋण आहे आणि शिकणाऱ्याने ते ठाऊक करून घ्यावे.

कार्ल पर्किन्सची कथाही अशीच आहे. तो टेनेसीतल्या वाटेकरी शेतमजुरांचा मुलगा, लहानपणापासून कापूस वेचणारा. वडिलांनी त्याला पहिली गिटार करून दिली ती सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा जोडून. शेतावरच काम करणाऱ्या जॉन वेस्टब्रुक नावाच्या वयस्कर कृष्णवर्णीय मजुराने त्याला ब्लूज शिकवला. तार तुटली की नवी घ्यायला पैसे नसत. मग कार्ल तुटलेल्या तारेला गाठ मारून ती पुन्हा चढवायचा. गाठीवरून बोट सरकवले की कापायचे, म्हणून तो तार बाजूला खेचून वरचा स्वर काढायला शिकला. ही तार खेचण्याची लकब पुढे त्याच्या वादनाची ओळख झाली. मोठेपणी तो पावाच्या कारखान्यात साचे तुपकट करायचे काम करी आणि रात्री गुत्त्यांत वाजवी. १९५६ च्या आरंभी बाजारात आलेले त्याचे 'ब्लू स्वीड शूज' देशभर गाजले आणि पुढे बीटल्सनेही त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली.

आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने ओव्या रचल्या, त्याच जातीचे हे संगीत आहे. हात कामात असताना किंवा कामातून नुकते सुटलेले असताना ते सुचले आहे.

अंगठ्याची परंपरा

रॉकाबिली गिटारचे मर्म उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. अंगठा जाड तारांवर एकसारखा ठेका धरतो आणि त्याच वेळी उरलेली बोटे बारीक तारांवर सूर काढतात. ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाजत आहेत असे वाटते.

हे तंत्र केंटकी राज्याच्या पश्चिमेकडील कोळशाच्या खाणींच्या मुलखातून आले. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाची छाप तिथल्या गिटारवाल्यांवर पडली. पुढे खाणीत काम करणाऱ्या मोझ रेगर आणि आयक एव्हर्ली यांच्याकडून ते मर्ल ट्रॅव्हिसने उचलले. ट्रॅव्हिस रेडिओवर वाजवू लागला आणि जॉर्जियात राहणाऱ्या चेट अॅटकिन्स नावाच्या पोराने ते ऐकले. ट्रॅव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरतो हे त्याला दिसणार कसे? इतके सगळे सूर काढायला बरीच बोटे लागत असणार, असे समजून त्याने अंगठ्याबरोबर आणखी बोटे कामाला लावली आणि त्यातून स्वतःची वेगळी शैली तयार झाली. स्कॉटी मूरने या दोघांचेही वादन मन लावून ऐकले होते.

हौशी शिकाऊ माणसाला यातून धीर येतो. बोटे किती वापरावीत याचा पक्का नियम नाही. कान लावून ऐकावे आणि आपल्या हाताला जमेल तशी वाट काढावी. अंगठा मात्र चुकता कामा नये.

गिटार कोणती घ्यावी?

रॉकाबिली म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पोकळ अंगाची, नारिंगी रंगाची ग्रेच गिटार आणि तिच्यावरचा तारा हलवून सूर थरथरवणारा बिग्सबी दांडा. ही गिटार देखणी आहे, पण महाग आहे आणि सुरुवातीला तिची मुळीच गरज नाही. घरात असेल ती पोलादी तारांची कोणतीही गिटार चालेल. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर मात्र हा खणखणीत आवाज निघत नाही.

नवी घेणार असाल तर एक गोष्ट पाहून घ्या. तारा आणि पट्टी यांतले अंतर जास्त असेल तर बोटे लवकर दुखतात आणि नवशिक्या कंटाळतो. दुकानदाराला ते अंतर कमी करून द्यायला सांगा. इलेक्ट्रिक गिटार घेतल्यास सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असलेला संच बसवून घ्या. बोटांना तो सोसतो आणि आवाजही पातळ होत नाही.

सतारीला जशी नखी असते, तशी अंगठ्यात घालायची प्लॅस्टिकची नखीही मिळते. ती फार स्वस्त असते. पहिले काही दिवस ती अडचणीची वाटेल, पण जाड तारांचा ठेका तिच्यामुळे ठसठशीत येतो. नाहीच जमली तर उघड्या अंगठ्याने वाजवा. तसे वाजवणारेही पुष्कळ आहेत.

पहिले तीन महिने

पहिले दोन आठवडे केवळ अंगठ्याला द्या. डाव्या हाताने 'ई' कॉर्ड धरा. उजव्या तळहाताची कड तारा जिथे घोडीवर टेकतात तिथे हलकेच ठेवा, म्हणजे जाड तारांचा आवाज घुमत न राहता 'टुंब टुंब' असा दबका येईल. आता अंगठ्याने सहावी तार, चौथी तार, पुन्हा सहावी, पुन्हा चौथी, असे चार मात्रांचे आवर्तन सुरू करा. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा. लय वाढवायची घाई करू नका.

अंगठा तयार झाला की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. वाजवता वाजवता घरातल्या कोणाशी तरी बोला. 'भाजी काय आणू?' या प्रश्नाला उत्तर देतानाही ठेका तुटला नाही, तर अंगठा तयार झाला. दिंडीत टाळ वाजवत अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्याला आठवा. टाळ कसा वाजतो याचा विचार तो करत नाही, म्हणूनच अभंगात रंगू शकतो.

तिसऱ्या आठवड्यापासून बोटे सामील करा. प्रथम अंगठ्याच्या पहिल्या ठोक्याबरोबरच तर्जनीने पहिली तार छेडा, जणू चिमूट घेतल्यासारखी. हे जमले की दोन ठोक्यांच्या मधोमध बोट पडू द्या. इथेच गाडी अडते. बोट पडले की अंगठा थबकतो किंवा तोही बोटामागे धावतो. यावर उपाय एकच, लय अजून कमी करणे.

आता त्यातली 'चाल' पाहू. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग कल्पा. अंगठा पहिल्या भागावर आणि बोट दुसऱ्यावर न पडता तिसऱ्यावर पडते. त्यामुळे सूर सरळ न चालता उडी घेत चालतात. रॉकाबिलीचा अवखळपणा या लहानशा विलंबात आहे.

दुसऱ्या महिन्यात 'ए' आणि 'बी सेव्हन' हे कॉर्ड घ्या. या दोन्हींत अंगठा पाचव्या आणि चौथ्या तारेवर फिरतो. मग बारा खंडांचा साचा पाठ करा. चार-चार मात्रांचे बारा खंड असतात. पहिले चार 'ई'चे, दोन 'ए'चे, दोन 'ई'चे, एक 'बी सेव्हन'चा, एक 'ए'चा आणि शेवटचे दोन पुन्हा 'ई'चे. एवढ्या तीन कॉर्डांवर रॉकाबिलीतली ढीगभर गाणी उभी आहेत.

कानाला परके नाही

हे सारे फार विलायती वाटत असेल तर आपले जुने चित्रपट संगीत आठवा. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांनी १९५७ च्या 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' हे गाणे दिले, तेव्हा रॉक अँड रोलचा वारा भारतात पोहोचला होता. ब्रिटनमधील पहिल्या अस्सल रॉक अँड रोल गाण्यांत गणले जाणारे १९५८ चे 'मूव्ह इट' ज्याने गायले, तो क्लिफ रिचर्डही लखनौत जन्मलेला.

स्वरांच्या बाबतीतही आपली ओळख निघते. 'ई'ला षड्ज मानून हा चालता बास वाजवून पाहा. सहावी तार मोकळी, मग तिचाच चौथा फ्रेट, मग पाचव्या तारेचा दुसरा आणि चौथा फ्रेट. हे झाले सा, ग, प, ध. गाण्याच्या क्लासात सुरुवातीलाच शिकवल्या जाणाऱ्या भूप रागाचे हे स्वर! त्यात रे मिळवला की भूपाचे पाचही स्वर झाले. रॉकाबिलीचे मधले तुकडे बहुतांशी याच पाच स्वरांत फिरतात आणि त्यांना ब्लूजकडून आलेले कोमल गंधार आणि कोमल निषाद यांची फोडणी असते.

'ई' कॉर्ड धरून तिसरी तार आधी मोकळी छेडा आणि लगेच तिच्या पहिल्या फ्रेटवर बोट आपटा. कोमल गंधार शुद्ध गंधारावर जाऊन आदळतो. ही लकब रॉकाबिलीत पावलोपावली भेटते. दोन्ही गंधार म्हटल्यावर जाणकारांना जोग आठवेल. तिथे शुद्ध गंधार आरोहात आणि कोमल गंधार अवरोहात येतो, सारे कसे गंभीर. इथे मात्र दोघे एकाच क्षणात धक्काबुक्की करतात आणि त्यातूनच खट्याळपणा येतो.

गाणे संपवताना 'ई' कॉर्ड धरूनच करंगळी दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि सगळ्या तारा एकदम छेडा. कॉर्डात शुद्ध धैवत मिसळतो. ओळखीचा वाटणारा तो शेवट म्हणजे या शैलीची सहीच.

मागून येणारा आवाज

जुन्या रेकॉर्डवर प्रत्येक सुरामागून एक पुसट प्रतिध्वनी येतो. सॅम फिलिप्स यांनी आवाज दुसऱ्या टेपयंत्रातून फिरवून तो मुद्दाम तयार केला होता. टेप एका भागाकडून दुसऱ्याकडे सरकायला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा लागे, तेवढ्याच अंतराने आवाज परत येई. पुढे रे बट्स या कारागिराने अॅम्प्लिफायरमध्येच हे टेपयंत्र बसवले आणि १९५५ साली स्कॉटी मूरने तसा एक अॅम्प्लिफायर घेतला.

आज हेच काम पायाने दाबायच्या छोट्या पेडलने होते. वेळ १२० ते १४० मिलिसेकंद, प्रतिध्वनी एकदाच आणि मूळ आवाजापेक्षा हळू, एवढे पुरे. पण पहिले सहा महिने याच्या नादी लागू नये. प्रतिध्वनी वादनातल्या चुका झाकतो आणि झाकलेल्या चुका दुरुस्त होत नाहीत.

घर, शेजार आणि वेळ

रोज वीस मिनिटे, पण रोज. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी गुणकारी आहे. गिटार कपाटात ठेवली की दिवसेंदिवस बाहेर निघत नाही. ती दिसेल अशा जागी स्टँडवर ठेवा, मात्र उन्हात आणि ओल्या भिंतीजवळ नको. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तारा पटकन गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. रात्री अॅम्प्लिफायर न लावता इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर शेजारी जागे होत नाहीत. डाव्या हाताची बोटांची टोके सुरुवातीला दुखतात, ते स्वाभाविक आहे. मनगट दुखू लागले तर मात्र थांबून हाताची ठेवण तपासा.

शिक्षक शोधताना 'अंगठा आणि बोटे वेगवेगळी चालवायला शिकवाल का?' एवढे विचारा. बहुतेक क्लासांत भर गाण्यांच्या साथीवर असतो. शिक्षक नाहीच मिळाला तर आता व्हिडिओ धडे आहेत आणि गाणे सूर न बिघडवता संथ करून ऐकण्याची सोयही आहे. पर्किन्सजवळ यातले काहीच नव्हते.

हा केवळ पुरुषांचा प्रांत आहे असेही कोणी समजू नये. ओक्लाहोमाची वँडा जॅक्सन वडिलांकडून गिटार शिकली, पन्नाशीच्या दशकात गिटार घेऊन रंगमंचावर उभी राहिली आणि रॉकाबिलीची राणी म्हणून ओळखली गेली. २०१९ मध्ये तिने जाहीर कार्यक्रमांतून निवृत्ती घेतली तेव्हा ती ऐंशी ओलांडून गेली होती.

घरच्यांना गंमत वाटेल, थट्टाही होईल. पण मुलांना एक वेगळी गोष्ट दिसेल. वाद्य म्हणजे परीक्षा आणि प्रमाणपत्र, असे समीकरण आपण त्यांच्या मनात रुजवले आहे. आई किंवा वडील रोज तोच तुकडा चुकत, पुन्हा वाजवत आहेत आणि तरीही मजेत आहेत, हे त्यांनी पाहणे चांगलेच.

क्लिफ गॅलपचे उदाहरण

'शिकून करायचे काय?' हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर क्लिफ गॅलपच्या आयुष्यात सापडते. १९५६ साली जीन व्हिन्सेंटबरोबर 'बी-बॉप-अ-लूला' ध्वनिमुद्रित करायला तो नॅशव्हिलला गेला, तेव्हा स्टुडिओने खबरदारी म्हणून नामवंत गिटारवादक बोलावून ठेवले होते. गॅलपचे वादन ऐकल्यावर त्यांची गरज उरली नाही. पण तो संसारी माणूस होता. गावोगावचे दौरे त्याला मानवेनात आणि त्याच वर्षी त्याने जीन व्हिन्सेंटचा ताफा सोडला. पुढे व्हर्जिनियातल्या चेसापीक येथे शाळांच्या देखभाल आणि वाहतूक खात्यात त्याने नोकरी केली आणि फावल्या वेळात गावातल्या मंडळींबरोबर तो वाजवत राहिला. १९८८ साली तो वारला. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, जेफ बेक या जगप्रसिद्ध गिटारवादकाने त्याच्या वादनाला वंदन म्हणून 'क्रेझी लेग्ज' हा अख्खा अल्बम काढला.

आपल्या वाट्याला असा अल्बम येणार नाही. पण दिवसभराची नोकरी आणि संध्याकाळी गिटार, हा गॅलपचा दिनक्रम कोणालाही जमण्यासारखा आहे. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी बोटे वरच्या तारांवर रमलेली असताना लक्षात येते की अंगठा मघापासून आपणहून चालला आहे. त्या दिवसापासून तुम्ही गिटार शिकणारे न राहता वाजवणारे होता आणि मग 'आता या वयात?' हा प्रश्न पुन्हा मनात येत नाही.